डोकं थंड राहतं? मग परवान्याच्या, जोखमीच्या कामात असं शिरा

रस्त्यावर अपघात झाला की कुणी धावतं, कुणी ओरडतं, कुणी जागच्या जागी थिजतं. एखादंच माणूस गुडघ्यावर बसतं आणि जखमीच्या छातीकडे बघत विचारतं, "श्वास चालू आहे का?" तुम्ही तसे असाल, तर "तू पायलट व्हायला हवं होतंस" किंवा "तू आयसीयूत शोभशील" असं कुणीतरी कधी ना कधी म्हटलं असेलच. त्या वाक्यापासून प्रत्यक्ष नोकरीपर्यंतचा रस्ता लांब आहे. वाटेत पुष्कळांचा पैसा, वर्षं आणि उमेद विनाकारण वाया जाते. तुमची जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

कुठली कामं? हवाई वाहतूक नियंत्रक, वैमानिक, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातली परिचारिका, रुग्णवाहिकेतला पॅरामेडिक, अणुभट्टीचा ऑपरेटर, जहाजावरचा अधिकारी, ट्रेनचालक, आपत्कालीन फोन घेणारा. शेवटच्या कामाला बऱ्याच ठिकाणी परवाना लागत नाही, पण ठरलेल्या प्रश्नांच्या बाहेर जायची मुभाही नसते. बाकी बहुतेक ठिकाणी नियामकानं किंवा नोंदणी मंडळानं लेखी 'हो' म्हटल्याशिवाय त्या खुर्चीत बसता येत नाही. आणि ते 'हो' मुदतीचं असतं.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला, दोन्ही इंजिनांची ताकद गेली आणि जेमतेम साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत उतरलं. १५५ जण होते, सगळे वाचले. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांच्या धीराचं जगानं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण त्या मिनिटांत कॉकपिटमध्ये काय बोललं गेलं ते बघा. विमान तोवर सहवैमानिक जेफ्री स्काइल्स चालवत होते. कॅप्टननी सांगितलं, विमान माझ्याकडे. स्काइल्स यांनी तेच शब्द उलटून कबूल केले आणि लगेच इंजिन पुन्हा सुरू करण्याची चेकलिस्ट हातात घेतली. कोण विमान उडवणार आणि कोण चेकलिस्ट वाचणार, यावर एक सेकंदही खर्च झाला नाही, कारण ते प्रशिक्षणात आधीच ठरलेलं होतं. या कामांत शांतपणा असा आधी बांधून ठेवावा लागतो. तुमचा स्वभाव थंड असेल तर तो बांधणं सोपं जातं, एवढाच स्वभावाचा वाटा. तो वाटा छोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर कुणी तुम्हाला परवाना देणार नाही.

पहिली पायरी: आपला शांतपणा कुठल्या जातीचा आहे, ते ओळखा

सगळे ताण एकसारखे नसतात. नियंत्रकाचं काम म्हणजे सतत चालू असलेली गर्दी. पडद्यावर अनेक विमानं, प्रत्येकाची उंची, वेग, दिशा डोक्यात, आणि दर काही सेकंदांनी एक निर्णय. यातला एकही निर्णय नाट्यमय नसतो. ताण असतो तो गणती कधीच न थांबण्याचा. इथे टिकतात ती माणसं, ज्यांना एक काम अर्धवट ठेवून दुसरं उचलता येतं आणि पहिल्याकडे न चुकता परतता येतं.

भूलतज्ज्ञाचा किंवा अणुभट्टीच्या ऑपरेटरचा ताण याच्या उलट. तासन्‌तास सगळं ठीक चाललेलं असतं. नाडीचा आवाज एका लयीत, पडद्यावरचे आकडे जागच्या जागी. मग मिनिटभरात सगळं बदलतं. संकटात उत्तम वागणारी बरीच माणसं इथे कमी पडतात, कारण त्यांना संकट नसलेले तास सोसत नाहीत. चार तास काहीच घडलं नाही तरी पाचव्या तासाला तितक्याच बारकाईनं आकडे बघता येणं ही वेगळी ताकद आहे, आणि ती स्वतःत आहे की नाही हे आधी तपासायला हवं.

आपत्कालीन फोन घेणाऱ्याकडे फक्त आवाज असतो. समोरचा माणूस रडतो आहे, पत्ता सांगता येत नाही, आणि तुम्हाला त्याच्याकडून पहिल्यांदा पत्ताच काढायचा आहे. नंतर त्यालाच छाती दाबायला शिकवायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान पाच सेंटिमीटर खोल, आणि तुम्ही फोनवर मोठ्यानं आकडे मोजत राहायचे. रुग्णवाहिका पोहोचली की फोन बंद होतो. पुढे काय झालं ते अनेकदा तुम्हाला कधीच कळत नाही. ज्यांना गोष्टीचा शेवट कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे काम आतून पोखरतं.

काही कामांत शरीरही पणाला लागतं. जहाज बंदरात आणणारा पायलट छोट्या बोटीतून मोठ्या जहाजाच्या कुशीला येतो आणि दोराच्या शिडीनं वर चढतो. चढ नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या शिडीवर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वर पोहोचल्यावर अनोळखी कप्तानाशेजारी उभं राहून त्याचं जहाज हाकायला मदत करायची. हे काम पहिल्या नोकरीत मिळत नाही. बहुतेक पायलट आधी बरीच वर्षं समुद्रावर काढलेले असतात.

मग स्वतःची परीक्षा कशी घ्याल? आयुष्यातले तीन खरे प्रसंग आठवा. अपघात, अचानक आजारपण, आग, काहीही. तिथे हजर असलेल्या माणसांना विचारा की मी नेमकं काय केलं. स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका. ताणात नजर अरुंद होते, कान बंद होतात, आणि नंतर माणूस आठवणी नीटनेटक्या करून ठेवतो. त्यांना विचारा: मी इतरांचं ऐकत होतो का? कुणाला मदतीला बोलावलं का, की सगळं एकट्यानंच केलं? आणि स्वतःला विचारा: घटनाक्रम मला आजही सांगता येतो का?

थंड दिसणारी काही माणसं शांत नसतात, त्यांना धोका उशिरा कळलेला असतो. हा फरक वाचायला कठोर वाटेल, पण तो इथेच ओळखलेला बरा.

दुसरी पायरी: पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी

हे मी पोटतिडकीनं सांगतो. कोर्सची फी भरून, वर्ष घालवून, मग रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकलेली माणसं या क्षेत्रात भेटतात. विमान वाहतुकीत इकाओच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचं आणि नियंत्रकाला तिसऱ्या वर्गाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. जहाजावरच्या लोकांसाठी एसटीसीडब्ल्यू हा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. दृष्टी, रंगज्ञान, ऐकू येणं, हृदय, फिट येण्याचा इतिहास, मधुमेहाची औषधं, मानसिक आरोग्य या सगळ्याची विचारणा होते.

नियामकानं मान्य केलेल्या तपासनीसाकडेच जा. घरच्या डॉक्टरांचं "काही हरकत नाही" इथे चालत नाही.

आणि काही लपवू नका. नैराश्यावर उपचार घेतले होते, झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे लिहिलं तर दार कायमचं बंद होईल अशी भीती असते. बऱ्याच देशांत उपचार घेऊन स्थिर झालेल्या माणसाला तपासून परवानगी देण्याची वाट असते. लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर मात्र प्रश्न आजाराचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो, आणि या कामांत सगळा कारभार शब्दावर चालतो.

तिसरी पायरी: नियम स्वतः वाचा

जाहिरात वाचू नका, नियामकाच्या संकेतस्थळावरचा मूळ नियम वाचा. कंटाळवाणा असतो, तरी वाचा. पुढे रोज असलंच वाचायचं आहे, तेव्हा हीसुद्धा एक चाचणीच समजा.

वयाची अट आधी बघा. इकाओच्या मानकांत नियंत्रकाच्या परवान्यासाठी किमान वय २१ आहे, व्यावसायिक वैमानिकासाठी १८. विमान कंपनीत कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी २१ वर्षं वय आणि १,५०० तासांचं उड्डाण. काही देश नियंत्रकांच्या भरतीला वरची वयोमर्यादाही लावतात. अमेरिकेत ती तिशीच्या आसपास संपते आणि ५६ व्या वर्षी पडद्यासमोरून उठावं लागतं. तुम्ही पस्तिशीत क्षेत्र बदलत असाल तर हे आजच कळायला हवं.

भाषेची अट दुसरी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी बोलणाऱ्या नियंत्रकाला आणि वैमानिकाला इंग्रजीची निदान चौथी पातळी लागते, सहापैकी. पाठ केलेली ठराविक वाक्यं त्यात पुरत नाहीत. अनपेक्षित प्रसंग साध्या शब्दांत सांगता येतो का, हे तपासतात. चौथ्या पातळीवर असाल तर साधारण दर तीन वर्षांनी ही परीक्षा पुन्हा.

वैद्यकीय क्षेत्राचा हिशेब सरळ आणि लांब आहे: भूलतज्ज्ञ व्हायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं, मग त्या शाखेचं वेगळं शिक्षण. पॅरामेडिक आणि परिचारिकेची वाट तुलनेनं छोटी, पण नोंदणी आणि तिचं नूतनीकरण तिथेही आहेच.

चौथी पायरी: एक पूर्ण शिफ्ट बघा

तासाभराची भेट कामाची नाही. परवानगी मिळाली तर रात्रपाळी बघा, आणि तिचा शेवटचा तास जरूर बघा. लोक दमलेले असताना एकमेकांशी कसे बोलतात, त्यावरून ती जागा कळते. हॅन्डओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना काम सोपवणं, कसं होतं तेही बघा. चांगल्या ठिकाणी जाणारा माणूस ठरलेल्या क्रमानं सगळं सांगतो, येणारा प्रश्न विचारतो, आणि जाणारा लगेच उठत नाही. थोडा वेळ मागे थांबतो.

पाचवी पायरी: सवयी आजपासून लावा

यासाठी कुठल्या कोर्सची वाट बघायची गरज नाही. कुणी काम सांगितलं की तेच स्वतःच्या तोंडानं परत सांगा, आकड्यांसकट. विमान वाहतुकीत याला रीडबॅक म्हणतात. सांगणाऱ्यानं तो ऐकून चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायची असते. घरच्यांना सुरुवातीला विचित्र वाटेल. महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल की आपण किती वेळा अर्धवट ऐकून 'हो' म्हणतो.

जपानी ट्रेनचालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्यानं उच्चारतात. समोर कुणी नसलं तरी. गॅस बंद केला, दार लावलं, औषध घेतलं, अशा गोष्टींवर हे करून बघा. हात, डोळा आणि आवाज तिन्ही कामाला लागले की मन दुसरीकडे राहू शकत नाही.

चेकलिस्टची सवय लावणं हुशार माणसांना अवघड जातं, म्हणून इथे जरा थांबतो. १९३५ साली बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. शेपटीकडच्या पृष्ठभागांना जमिनीवर जखडून ठेवणारी कळ काढायची राहून गेली होती. विमानात दोष नव्हता, ते एका माणसाच्या आठवणीत मावण्याइतकं साधं उरलं नव्हतं. वैमानिकांच्या चेकलिस्टची प्रथा तिथून रुळली. ७० हून अधिक वर्षांनी, २००८ साली, जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर. त्या १९ मुद्द्यांत एक असाही आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. जे माणूस एकदा बोललं आहे, ते पुढे काही चुकताना दिसलं तर बोलण्याची शक्यता वाढते.

सहावी पायरी: निवड चाचणी

नियंत्रकांच्या आणि वैमानिकांच्या चाचण्यांत एकाच वेळी आकडे लक्षात ठेवणं, आकृत्या फिरवून बघणं आणि कानावर पडणाऱ्या सूचना पाळणं असतं. थोडा सराव करा, चाचणीचा ढाचा ओळखीचा होईल इतकाच. मुलाखतीत "मला ताणाचा त्रासच होत नाही" असं सांगू नका. परीक्षकाला ते ऐकून काळजी वाटते. ताण आला की तुम्हाला तो कुठून कळतो, आवाज चढतो की बोटं गार पडतात, आणि मग तुम्ही काय करता, ते सांगा.

सातवी पायरी: प्रशिक्षणात चुकायला शिका

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणाऱ्या यंत्रात, तुम्हाला मुद्दाम हरवतात. इंजिन बंद, रेडिओ बंद, दोन अलार्म एकदम, त्यातला एक खोटा. बाहेरच्या जगात शांत म्हणून ओळखली जाणारी माणसं इथे सगळ्यात जास्त दुखावतात, कारण त्यांची ओळखच हलते. तिथे सोडून जाऊ नका.

खोट्या खुणा किती महागात पडतात ते २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात दिसलं. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा सांगत होता की बंद होण्याचा संदेश गेला आहे. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही, ते तो दिवा सांगतच नव्हता. शंभरावर अलार्म वाजत होते. ऑपरेटर प्रशिक्षित होते, गोंधळलेले असले तरी पळाले नाहीत, जागेवर राहून काम करत होते, आणि पाणी जास्त झालं आहे अशा समजुतीनं त्यांनी थंड करणारं पाणी कमी केलं. भट्टीचा गाभा अंशतः वितळला. जागेवर टिकून राहणं त्यांना जमलं होतं. कमी पडलं ते "आपण समजतो आहोत ते चुकीचं असेल का?" हे मोठ्यानं विचारणं. त्यानंतर ऑपरेटरांच्या प्रशिक्षणात हुबेहूब नियंत्रण कक्षासारख्या सिम्युलेटरचं महत्त्व खूप वाढलं.

म्हणून इन्स्ट्रक्टरनं थांबवलं की "पण" नं वाक्य सुरू करू नका. आधी त्याचं म्हणणं रीडबॅक करा.

आठवी पायरी: वरिष्ठाला टोकायची तालीम करा

माझ्या मते ही सगळ्यात अवघड पायरी आहे, विशेषतः जिथे मोठ्यांपुढे बोलायचं नाही असं वळण लागलेलं असतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, झालं. पुन्हा कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान चाकांची अडचण सोडवता सोडवता इंधन संपून कोसळलं. इंधन कमी होत असल्याचं कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण सूचक शब्दांत. १९७९ साली नासानं भरवलेल्या कार्यशाळेतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं, म्हणजे चमूतल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलून, टोकून काम कसं करायचं याचं प्रशिक्षण आकाराला आलं, ते आज विमानांपुरतं राहिलेलं नाही.

टोकण्याची एक ठरलेली चाल असते. नाव किंवा पद घेऊन हाक मारा. दिसतं ते आकड्यांत सांगा. काय करायला हवं ते सुचवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगा, शब्द आणखी सरळ करून. "सर, ऑक्सिजन ८२ आहे आणि खाली जातो आहे. नळी काढून मास्कनं हवा देऊ या." यात उद्धटपणा कुठेच नाही. हे वाक्य आरशासमोर बोलून बघा. पहिल्यांदा घसा अडखळतो, म्हणून ते रुग्णासमोर पहिल्यांदा बोलू नये.

नववी पायरी: झोप आणि चुकीची कबुली

थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हे नीट कळत नाही, म्हणून ते नियमात लिहिलेलं असतं. जहाजावर कुठल्याही २४ तासांत निदान १० तास विश्रांती, सात दिवसांत ७७ तास. सामील होण्याआधी विचारा की हे तास खरोखर मिळतात की फक्त नोंदवहीत भरले जातात. उत्तर देताना समोरच्यानं नजर चुकवली तर समजून घ्या.

चूक झाली तर ती त्याच दिवशी कळवा. अमेरिकेत १९७६ पासून विमान वाहतुकीतल्या चुका नाव गुप्त ठेवून नासाकडे कळवण्याची सोय आहे, आणि बऱ्याच क्षेत्रांत तशाच व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. प्रामाणिक चूक आणि बेफिकिरी यांत फरक करणारी जागा निवडा.

नोकरी स्वीकारण्याआधीचा प्रश्न

हडसनमध्ये उतरलेल्या त्या विमानाशी बोलत होते नियंत्रक पॅट्रिक हार्टन. विमान पडद्यावरून नाहीसं झालं तेव्हा सगळे गेले असंच त्यांना वाटलं. त्यांना लगेच खुर्चीवरून उठवून दुसऱ्याला बसवलं गेलं. सगळे वाचले हे नंतर कळलं, तरीही तो धक्का सहज ओसरला नाही, असं त्यांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं.

तेव्हा मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं म्हटलं की पगाराबरोबर हेही विचारा: माझ्या शिफ्टमध्ये असं काही घडलं तर त्याच क्षणी माझ्या खुर्चीत कोण बसेल, माझ्याशी कोण बोलेल, आणि मी किती दिवसांनी परतायचं हे कोण ठरवेल? जिथे हे आधीपासून ठरलेलं आहे, तिथे तीन नावं किंवा तीन पदं लगेच सांगितली जातात.